पिकावरची उधारी

आमच्या घरी शेत नव्हते. पवनी तालुक्यातल्या चौरास पट्ट्यात, कोंढ्यासारख्या धानाच्या गावात राहायचे आणि नावावर एक बांधीही नसायची, म्हणजे काय ते तिकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बाबा शिंपी होते. लग्नसराई, पोळा आणि दिवाळी एवढे सोडले तर मशीन बरेचदा झाकून ठेवलेली असे, आणि जे काम होई त्याचेही पैसे लगेच हातात पडत नसत. शिलाई पिकावर द्यायची, असा रिवाज होता. धान कापून, पुंजणे रचून, चुरणे आटोपले की बाबा पोते खांद्यावर टाकून घरोघर फिरत आणि वर्षाची शिलाई धानात वसूल करत.

त्यांची एक लांबट वही होती. डाव्या बाजूला माणसाचे माप: छाती, कंबर, बाही, उंची. उजव्या बाजूला त्याच्याकडून यायचे धान, कुडवात. ती वही अजून माझ्याकडे आहे. गावाकडून आम्हाला येणे किती, ते सगळे तिच्यात आहे. आम्ही गावाचे काय देणे लागत होतो त्याची मात्र कुठे ओळ नाही, कारण ज्यांनी दिले त्यांनीही ते लिहून ठेवले नव्हते. त्या दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडावा म्हणून हे लिहितो आहे.

वसूल झालेले धान कसेबसे श्रावणापर्यंत पुरे. तिथून दिवाळीपर्यंतचे दिवस कठीण जात. गल्लीत दोन घरे सोडून एक शेतकरी राहत. नात्याने कुणी नव्हते, पण आम्ही त्यांना मोठे बाबा आणि त्यांच्या बायकोला मोठी आईच म्हणत असू. पाच-सहा एकरांचे कुटुंब, खाणारी तोंडे भरपूर. भादव्यात आई डबा घेऊन त्यांच्या दारात गेली की मोठी आई काही न विचारता ढोलीतून धान काढून देई. तिच्याही ढोलीत त्या महिन्यात फार काही उरलेले नसे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. दिवाळीनंतर आई ते परत करायला गेली की मोठी आई माप भरताना हात आखडता घेई, काठोकाठ कधी भरू देत नसे. देताना मात्र शीग लावून दिलेले असे.

मोठे बाबा एका बांधीत चिन्नोर लावत. चिन्नोर भारी धान आहे. हलके धान दसऱ्याच्या आसपास कापायला येते, चिन्नोर पार मार्गशीर्ष दाखवतो. पाच महिने बांधीत पाणी धरून ठेवावे लागते. झाड उंच वाढते आणि ऐन लोंबीत वारा आला की आडवे पडते. उतारा थोडा. हे सगळे ठाऊक असूनही ते लावत, कारण पाहुण्याला, बाळंतिणीला आणि देवाला तोच तांदूळ लागे. माझी धाकटी बहीण झाली तेव्हा आईला महिनाभर चिन्नोरची पेज मिळाली ती त्या बांधीतली. सकाळी पातेले चुलीवर चढले की वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि येणारे-जाणारे विचारत, आज शिंप्याकडे काय आहे? आजही कुठे सुवासिक तांदळाची चर्चा निघाली की मला आधी ती पेज आणि आईचा सुकलेला चेहरा आठवतो.

भंडाऱ्याच्या चिन्नोरला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चांगले झाले. पण मानांकन कागदावर मिळते आणि धान विकायचे असते खरेदी केंद्रावर. तिथे धानाचे दोनच भाव: साधारण आणि अ दर्जा. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलमागे 2369 रुपये आणि अ दर्जाची 2389 होती. वासासाठी तिथे रकाना नाही. एकरी उतारा जास्त देणारे, लवकर निघणारे वाण लावणारा शेतकरी त्या काट्यावर फायद्यात राहतो; चिन्नोर लावणाऱ्याला जादा दोन महिन्यांचे पाणी, पडलेल्या पिकाची कापणी आणि कमी पोती असा सगळा तोटा स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. सरकारी खरेदीची मला किंमत आहे. ती नसती तर चौरासातल्या छोट्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याने किती भाव दिला असता हे आम्ही पाहिलेले आहे. पण जे धान त्या काट्यावर मोजले जात नाही, ते जगवायचे असेल तर ते खाणाऱ्यांनाच पुढे यावे लागेल. दुसरे कुणी येणार नाही.

तांदळाचे ऋण कोंढ्यापाशी थांबत नाही. इथून फार लांब नाही, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांची जमीन जेमतेम दीड एकर. 1983 मध्ये पटेल-3 वाणाच्या आपल्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बारीक. त्यांनी त्या खुडून पिशवीत जपल्या, पुढच्या वर्षी शेताच्या मध्यभागी वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून राखायला भोवती काट्या रोवल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत एक नवे वाण उभे केले. त्या काळी मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही मोठी गोष्ट होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडले. एचएमटी आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. ज्या माणसाने तो शोधला, त्याला त्याबद्दल रॉयल्टी मिळाली नाही. मानसन्मान झाले, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने गौरव केला, 'फोर्ब्ज'ने 2010 मध्ये दखल घेतली, पण घरची ओढाताण संपली नाही. 3 जून 2018 रोजी ते गेले. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही घरात भाताचा कुकर लावताना या माणसाचे नाव माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

गावातले आणखी एक देणे शेजारच्या आजीचे. तिने आम्हाला लाखोळी खायला शिकवली. धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकून देतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापले की खाली हिरवे अंथरूण तयार असते. पौषात तिचे कोवळे शेंडे खुडायला गावातल्या कुणालाही कुणाच्याही बांधीत जायची मुभा होती, आणि बिनशेतीच्या घराला या मुभेचे मोल किती असते ते आम्हाला विचारा. आजी मला पदराला धरून नेई. दोन बोटांच्या चिमटीत वरची तेवढी दोन पाने घ्यायची, खालचा फुटवा शाबूत ठेवायचा, असे ती स्वतः खुडून दाखवी. ओटीत भाजी मावेनाशी झाली की उरलेली वाळवणावर. ती वाळलेली भाजी उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत कामी येई. डाळीचे वडे होळीला. बाहेरून कडक, आत मऊ, आणि लसूण-मिरचीने डोळ्यांत पाणी आणणारे.

याच लाखोळीच्या विक्रीवर 1961 मध्ये बंदी आली. दुष्काळात माणसे दुसरे काहीच न मिळाल्याने महिनोन्‌महिने नुसत्या लाखोळीवर राहिली तर पायांतले बळ जाते, हे खरे आहे. तिच्यात तसा घटक असतो. पण भाताबरोबर, तुरीबरोबर, भाजीबरोबर बेताने खाणाऱ्या आणि डाळ भिजवून वरचे पाणी फेकून देणाऱ्या झाडीपट्टीतल्या घरांचा अनुभव वेगळा होता. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी हा अनुभव घेऊन वर्षानुवर्षे शासनाशी झगडले, त्यासाठी उपोषणाला बसले. पुढे महाराष्ट्राने बंदी उठवली. गरिबाच्या ताटातल्या पदार्थासाठी एका अभ्यासकाने स्वतःचे ताट बाजूला सारले, याची नोंद आमच्याकडच्या प्रत्येक घराने ठेवायला हवी. आता चौरासात बोअरचे पाणी आले, उन्हाळी धान आले, आणि बऱ्याच बांध्यांत लाखोळीला जागाच राहिली नाही. दोन पिके घेणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याला पोरे शिकवायची आहेत. पण बिनपाण्याचे, बिनखर्चाचे एक पीक आणि शेंडे खुडायची ती मुभा दोन्ही एकदमच गेली, आणि मुभा गेल्याचे नुकसान भूमिहीनाच्या घरात झाले.

सगळ्यात मोठे देणे आहे ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या मावशीचे.

आमच्या मुलखात गोंड राजांच्या काळापासून लोकांनी, विशेषतः कोहळी समाजाने, उतार पाहून तलाव बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारांची मालकी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले. पाणी धानाला आणि मासळी-शिंगाडा ढिवरांना, अशी जुनी वाटणी. शेतातल्या लहान बोड्याही त्यातच. पहिल्या पावसात मासे चढणीला लागून ओढ्यातून बांध्यांत शिरत, तिथे अंडी घालत, आणि पाणी ओसरले की तलावात परतत. मरळ, दाडक, वाडीस, झिंगे. हे मासे कुणी सोडावे लागत नसत.

मावशी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार येई. मरळ आणि मोठी मासळी ज्यांच्याकडे रोख होती त्यांच्या दारात जाई. आमच्या दारात ती शेवटी टेके, आणि टोपलीच्या तळाची बारीक मासळी आईच्या ताटात ओते. आई म्हणे, "मावशी, आज पैसे नाईत." ती म्हणे, "मागले काय म्या? मंग देजो ना." बाबा तिच्या पोरांचे शाळेचे कपडे शिवत, म्हणजे देवाणघेवाण अगदीच एकतर्फी नव्हती. पण एका हिवाळ्यात बाबा तापाने अंथरुणाला खिळले, मशीन बंद पडली, कपडे शिवून द्यायचा प्रश्नच मिटला. त्या हिवाळ्यात तिची टोपली आमच्या दारात आधी टेकू लागली. आम्हा भावंडांच्या अंगात जे काही बळ टिकले ते त्या काट्याकुट्याच्या मासळीने आणि तिच्या शिंगाड्यांनी.

शिंगाड्याचे काम मी जवळून पाहिले आहे. पावसाळ्यात वेल तलावात लावायचे, आणि दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंत रोज पहाटे छातीभर पाण्यात उतरून एकेक वेल उलटा करून फळे काढायची. पाणी गार, वेलाखाली जळवा. फळाला दोन बाजूंनी काटे. मावशीच्या बोटांची टोके नेहमी फुटलेली आणि शिंगाड्याच्या रंगाने काळी पडलेली असत. घरी आले की मोठ्या गंजात उकडायचे. मग ती विळा पायाखाली धरून बसे, एका झटक्यात दोन्ही काटे उडवी, दुसऱ्या झटक्यात साल फोडी आणि पांढरा गर टोपलीत पडे. तिचा हात चाले त्या वेगाने आम्ही मुले खाऊही शकत नसू. बाजारात या शिंगाड्याला गिऱ्हाईक घासाघीस करी. पहाटेचे पाणी त्या गिऱ्हाइकाने पाहिलेले नसे.

पुढे तलाव बदलले. गाळ साचला, काठाने बेशरम नावाची झुडपे माजली. तलावात कतला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची पद्धत आली. वाढ झपाट्याने, पण दरवर्षी बी विकत आणा. गवत्या मासा आला त्याने पाणवनस्पती फस्त केल्या, आणि ज्या झाडोऱ्यात गावठी मासे अंडी घालत तोच नाहीसा झाला. वैनगंगेवर गोसेखुर्द झाले. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली तेव्हा आमच्याकडे केवढी आशा होती. धरणाने सिंचन आणले. पण त्याच पाण्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून येऊन मिसळते आणि नदीवर जगणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यात जलपर्णी येते.

यावर काय करता येते ते गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे पाहायला मिळते. मनीष राजनकर आणि पतिराम तुमसरे यांनी ढिवर बायका-माणसांना बरोबर घेऊन तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम केले. उन्हाळ्यात तलावाचा कोरडा भाग नांगरायचा, बेशरम मुळासकट काढायची, पाऊस यायच्या आत मूळच्या पाणवनस्पती परत लावायच्या, मग त्या पाण्यात गावठी मासे सोडायचे. कुठल्या वनस्पतीखाली कुठला मासा राहतो हे ज्ञान पतिराम तुमसरेंसारख्या ढिवरांजवळच होते. पुस्तकवाल्यांनी ते त्यांच्याकडून शिकून घेतले. मला या कामातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. जो पिकवतो, जो धरतो, त्याला मदत करायची म्हणजे आधी त्याला जाणकार मानायचे.

मी नोकरीच्या निमित्ताने नागपूरला आलो. हातात पगार आला तेव्हा मावशीला थोडी रक्कम द्यायला गेलो. तिने घेतली नाही. म्हणाली, "जुन्याचा हिसाब जुना झाला, बाबू. आता माल घेत जा, आन् भाव पाडू नको."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. शेतकरी, ढिवर, शेजारची आजी, या सगळ्यांनी आमची उधारी पिकावर सांभाळली होती. आमच्या घरची अडचण स्वतःच्या ढोलीवर, स्वतःच्या टोपलीवर घेतली होती. आता आम्हा पगारदारांच्या हातात दर महिन्याला पैसा येतो आणि त्यांच्या हातात वर्षाला एकदा-दोनदा. मग वाट पाहायची पाळी आता आमची. मोठे बाबा गेले. त्यांच्या मुलाला मी दादा म्हणतो. दादाशी आणि नागपुरातल्या काही ओळखीच्या घरांशी बोलून आम्ही ठरवले की चिन्नोरचा भाव रोवण्याच्या आधी ठरेल आणि अर्धे पैसे रोवण्यालाच दिले जातील, कारण पऱ्हे काढणाऱ्या आणि रोवणा करणाऱ्या बायकांची मजुरी तेव्हाच द्यावी लागते. तांदूळ पौषात घरी येईल. वाऱ्याने पीक पडले, उतारा घटला, तर घटीचा वाटा खाणाऱ्याने उचलायचा. पैसे परत मागायचे नाहीत.

हे जमवायला सोपे नव्हते. कुणी म्हणाले, दुकानात यापेक्षा स्वस्त मिळतो. मिळतो, पण त्यात पडलेल्या पिकाची कापणी धरलेली नसते. कुणी विचारले, सेंद्रिय आहे का? दादा बांधीत थोडा युरिया टाकतो. मी तसेच सांगितले, आणि त्यामुळे दोन घरे गळाली तरी चालेल म्हणालो. छोट्या उत्पादकाची बाजू घ्यायची म्हणून त्याच्या मालाला खोटे नाव चिकटवले, तर उद्या विश्वास त्याचाच जातो. गावच्या छोट्या मिलमध्ये कणी जास्त पडते, अशीही तक्रार आली. कणी वेगळी चाळून द्यायला दादाने सुरुवात केली. नागपूरच्या एका घरातल्या आजीबाई आता ती कणीच आधी मागतात, खिचडीसाठी.

गावातल्या बचत गटांच्या बायका पापड, वडे, हळद-मिरचीची पाकिटे करू लागल्या आहेत. छोट्या उलाढालीला अन्नसुरक्षा नोंदणी पुरते, आणि केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान ठेवले होते. कागद करायला मात्र माणूस लागतो. ज्यांनी गावातून बाहेर पडून कारकुनी शिकली, त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर दोन दिवस या कागदांना द्यावे. हे काम पैशांपेक्षाही जास्त उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. शिवाय पवनीकडे, भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यांवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बायका आहेत. भिवापुरी मिरचीचे नाव होते, त्या हातांचे होत नाही. मिरची घेताना त्या मजुरीची चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकांची आम्हाला गरज आहे.

मावशी आता थकली आहे, तलावाकडे जात नाही. तिची सून अजूनही मासेमारी करणाऱ्यांपैकी. गेल्या उन्हाळ्यात मी तिला विचारले, वहिनी, चिन्नोरसारखे मासळीचे आणि शिंगाड्याचे करता येईल का? तिने सासूशी बोलून अटी सांगितल्या. नुसती मरळ मागायची नाही. जाळ्यात जे येईल ते सगळे घ्यायचे, बारीकसुद्धा, ओले नसेल तेव्हा सुकवलेले. विणीच्या दिवसांत मागणीच करायची नाही. शिंगाडा उकडलेला हवा असेल तर उकडायचे आणि सोलायचे वेगळे पैसे. भाव वर्षातून एकदाच ठरेल आणि तो ती ठरवेल.

मी या अटी जशाच्या तशा नागपूरच्या घरांना कळवल्या. बारीक मासळी साफ कोण करत बसणार म्हणून काहींनी नावे मागे घेतली. उरलेल्यांची यादी वहिनीला पाठवली तेव्हा तिचा एकच प्रश्न आला: पैसे कधी? तलावाच्या ठेक्याची रक्कम पावसाळ्याच्या तोंडाला भरावी लागते, तेव्हा हातात काही नसते. त्याच्या आधी, असे मी कळवले आहे.